मोठ्या बाईंच्या निरोपाला 'आय विल ऑल्वेज लव्ह यू' चालेल का? आणि कोणाचं बसवावं, डॉलीचं की व्हिटनीचं?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

सांगलीत एका शाळेत मी संगीत शिकवते. आमच्या मोठ्या बाई या महिन्याअखेर निवृत्त होताहेत आणि निरोप समारंभाच्या गाण्यांचं काम माझ्याकडे आहे. एक अभंग आणि एक समूहगीत ठरलंय, त्यात काही अडचण नाही. नववीच्या मुलींनी मात्र 'आय विल ऑल्वेज लव्ह यू' म्हणणारच असा हट्ट धरलाय. बाई ऑफ पिरियडला वर्गावर आल्या की जुनी इंग्रजी गाणी ऐकवायच्या, त्यामुळे मुलींना वाटतं की आपण बाईंच्या आवडीचं काहीतरी द्यावं. मला हे फार पटलं.

पण समितीतल्या दोन शिक्षकांनी हरकत घेतली. त्यांचं म्हणणं, शब्द सरळसरळ प्रियकर-प्रेयसीचे आहेत, पालक समोर बसणार, बाईंना अवघडल्यासारखं होईल. एकाने तर विचारलं, हे लग्नातलं गाणं ना? मी शब्द पुन्हा नीट वाचले. 'मी थांबले तर तुझ्या वाटेत येईन, म्हणून निघते' असा त्याचा सूर आहे. त्यात लग्नाचं काही नाही. पण हे समितीसमोर ठामपणे मांडायचं तर माझ्याकडे काही आधार हवा. हे गाणं मुळात कोणी, कोणासाठी लिहिलं, हे कोणी नीट सांगेल का?

दुसरी अडचण गाण्याची. मुली अमेरिकन गायिका व्हिटनी ह्यूस्टनच्या रेकॉर्डबरोबर गायला बसतात आणि शेवटाकडे सगळ्यांचे घसे ताणले जातात. त्यातल्या एकीचा आवाज खरोखर सुरेल आहे, पण तिथे आली की तीसुद्धा ओरडते. मग मी त्यांना डॉली पार्टनचं मूळ गाणं ऐकवलं, तर ते त्यांना फारच साधं वाटलं.

आणि एक माझं स्वतःचं कुतूहल. कितीतरी गाजलेली इंग्रजी गाणी मी वर्गात बसवून पाहिलीत. मूळ गायकाचा आवाज बाजूला केला की त्यातली बरीचशी गळून पडतात, हातात काही उरत नाही. हे गाणं इतक्या गळ्यांतून जाऊनही टिकतं कसं?

---

बी_साइड

ताई, तुमच्या समितीला हे एवढंच सांगा: हे गाणं एका बाईने नोकरी सोडताना आपल्या वरिष्ठासाठी लिहिलंय. निरोप समारंभाला याच्याइतकं चपखल गाणं मला तरी दुसरं माहीत नाही.

सविस्तर सांगतो, कारण हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे. जुन्या रेकॉर्डी जमवतो, आणि याच गाण्याची वेगवेगळी ध्वनिमुद्रणं माझ्याकडे एका वेगळ्या खणात आहेत.

डॉली पार्टन मूळची टेनेसीच्या डोंगराळ भागातली, घरची गरिबी, भावंडं पुष्कळ. १९६७ मध्ये ती पोर्टर वॅगनरच्या टीव्ही कार्यक्रमात गायला लागली. पोर्टर तेव्हा कंट्री संगीतातलं, म्हणजे अमेरिकेतल्या गावाकडच्या वळणाच्या गाण्यांतलं मोठं नाव. चकचकीत नक्षीचे कोट घालणारा, या संगीताची राजधानी असलेल्या नॅशव्हिल शहरात वजन असलेला माणूस. त्याने तिला व्यासपीठ दिलं, तिच्याबरोबर युगुलगीतं गायली, घराघरात पोचवलं. सुरुवातीला तिने पाच वर्षं राहीन म्हटलं होतं. पाचाची सात होत आली. तिला स्वतःच्या वाटेने जायचं होतं आणि पोर्टर सोडायला तयार नव्हता. दोघांची रोज वादावादी व्हायची. डॉलीने कितीतरी मुलाखतींत सांगितलंय की तो माझं ऐकूनच घेत नव्हता, तेव्हा मी घरी गेले, हे गाणं लिहिलं, दुसऱ्या दिवशी त्याच्या ऑफिसात जाऊन त्याला समोर बसवलं आणि गाऊन दाखवलं. तो रडला. म्हणाला, तू लिहिलेलं हे सगळ्यांत चांगलं गाणं आहे, जा तू, पण याची रेकॉर्ड मी करणार.

१९७३ मध्ये नॅशव्हिलच्या आरसीए स्टुडिओत ते रेकॉर्ड झालं, १९७४ मध्ये बाजारात आलं आणि बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या लोकप्रिय कंट्री गाण्यांच्या यादीत पहिलं आलं. त्याच वर्षी ती कार्यक्रमातून बाहेर पडली. पुढे सगळं गोड झालं असंही नाही. १९७९ मध्ये पोर्टरने तिच्यावर करारभंगाचा दावा लावला, तो नंतर कोर्टाबाहेर मिटला. २००७ साली पोर्टर गेला, त्याआधी दोघांचा समेट झाला होता. मला या गाण्याबद्दल आदर वाटतो तो यामुळेही. दावा लागला, बोलणं तुटलं, तरी तिने त्यातला एक शब्द मागे घेतला नाही. ती ते गातच राहिली. १९८२ मध्ये एका चित्रपटासाठी तिने ते नव्याने रेकॉर्ड केलं आणि ते पुन्हा कंट्री यादीत पहिलं आलं. एकच गाणं दोनदा त्या जागी नेणारी ती पहिलीच.

आता तुमचं कुतूहल. गाणं टिकतं कसं?

माझं उत्तर असं: तिने त्यात पोर्टरला ठेवलंच नाही. सात वर्षांचा सहवास, भांडणं, टीव्ही, पैसा, नॅशव्हिल, यातलं काही म्हणजे काही नाही. कोण कोणाला सोडून जातंय, का जातंय, कुठे जातंय, काहीही कळत नाही. कळतं ते एवढंच की जाणारी व्यक्ती आपण होऊन जातेय, दोष कोणाला देत नाही, आणि मागे राहणाऱ्याचं भलं चिंततेय. तिला हवं असतं तर ती तपशिलांनी भरलेलं गाणं लिहू शकली असती, ती त्यात वाकबगार आहे. तिचं 'जोलीन' बघा, त्या बाईचे केस, डोळे, कांती, सगळं समोर उभं राहतं. आणि ही दोन्ही गाणी एकाच अल्बममधली आहेत! म्हणजे इथे तपशील गाळणं हा तिचा निर्णय होता. त्यामुळे पुढे ज्याने ज्याने हे गाणं घेतलं त्याला आपला निरोप त्यात ठेवता आला.

आपल्याला हे नवं नाही. एकच नाट्यपद नाटकातला प्रसंग मागे टाकून मैफलीत येतं आणि पिढ्यान्‌पिढ्या वेगवेगळ्या गळ्यांत राहतं, तेव्हा कोण पात्र कोणाला काय म्हणत होतं हे श्रोत्यांपैकी किती जणांना आठवतं?

एल्विस प्रेस्लीची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. त्याला हे गाणं गायचं होतं. डॉलीला बोलावणं आलं, ती हरखून गेली, सगळ्यांना सांगून बसली. रेकॉर्डिंगच्या तोंडावर एल्विसचा व्यवस्थापक कर्नल टॉम पार्कर याचा फोन आला: गाण्याच्या प्रकाशन हक्कातला अर्धा वाटा आम्हाला द्यावा लागेल, एल्विस त्याशिवाय गात नाही. लक्षात घ्या, अमेरिकेतल्या कायद्याप्रमाणे एकदा प्रसिद्ध झालेलं गाणं ठरलेलं मानधन भरून कोणीही पुन्हा रेकॉर्ड करू शकतो. ते मानधन तेव्हा दर प्रतीमागे २ सेंट होतं. त्यामुळे एल्विसला तिची परवानगी लागत नव्हती. पार्करला हवा होता तो कायमचा हिस्सा. डॉलीने नाही म्हटलं. ती म्हणते, मी रात्रभर रडले. पण हक्क सोडले नाहीत. वीस वर्षं होत आली, व्हिटनीने ते गायलं आणि त्या एका नकाराचं मोल जगाला कळलं.

कोणाचं बसवावं म्हणाल तर माझं मत डॉलीच्या बाजूने. तीन मिनिटांच्या आतलं गाणं, गळ्याला जोर नाही, बोलल्यासारखं गायलेलं. शाळेतल्या मुलींना तेच शोभेल. आणि मधली एक पायरी त्यांना जरूर ऐकवा: अमेरिकन गायिका लिंडा रॉनस्टॅडचं १९७५ चं. स्वच्छ, सरळ आवाज. व्हिटनीकडे गाणं गेलं ते तिथूनच.

---

पेटीवाला

बी_साइड यांनी सगळा इतिहास सांगितलाच आहे. मी आयुष्यभर ऑर्केस्ट्रात कीबोर्ड आणि पेटी वाजवली, तेव्हा वाजवणाऱ्याच्या बाजूने लिहितो.

ताई, मुली कुठे ओरडतात ते न ऐकता सांगतो. व्हिटनीचं गाणं पांढरी सहामध्ये, म्हणजे पेटीवरची सहावी पांढरी पट्टी षड्ज धरून, सुरू होतं. पहिलं कडवं साथीशिवाय, नुसता गळा. मग हळूहळू वाद्यं येतात. दुसरं कडवं, ध्रुवपद, मग कर्क व्हेलमचा सॅक्सोफोन. त्यानंतर तिसरं कडवं पुन्हा खाली, शांत. ते संपलं की सगळं थांबतं. क्षणभर काहीच नाही. मग ड्रमचा एक ठोका आणि ध्रुवपद पांढरी सातमध्ये. एक पूर्ण सूर वर. तुमच्या मुली तिथेच अडकतात, कारण आधीच वरच्या टोकाला असलेलं ध्रुवपद तिथे आणखी वर जातं, आणि तेही लांबवत लांबवत.

ती जागा गायला कठीण आहे हे सगळ्यांना कळतं. ती इतकी परिणामकारक का आहे याकडे मात्र लोकांचं लक्ष नसतं. त्या शांततेच्या अगोदर जे कडवं आहे, त्यात ती म्हणते की तुझं आयुष्य चांगलं जावो, तुला हवं ते सगळं मिळो, आनंद मिळो आणि या सगळ्याहून जास्त प्रेम मिळो. म्हणजे आशीर्वाद. आशीर्वाद देऊन झाल्यावर थांबणं, आणि मग तो मोठा सूर. तिसरं कडवं काढून टाका आणि सॅक्सोफोननंतर थेट उडी घ्या. नुसती ताकद दिसेल. मी हे ऑर्केस्ट्रात पाहिलंय. वेळ वाचवायला गाणी कापायची सवय असते, एका आयोजकाच्या सांगण्यावरून आम्ही हे कडवं गाळून गाणं वाजवलं होतं. गायिका तयारीची होती, सूर लागला, टाळ्याही पडल्या. पण लोक गप्प झाले नाहीत. पूर्ण गाणं झालं की आधी क्षणभर शांतता पसरते, टाळ्या मागून येतात.

यामागे एक फोनची गोष्ट आहे. व्हिटनीने हे गायलं ते 'द बॉडीगार्ड' या चित्रपटासाठी, त्यात नायिकाही तीच. त्यासाठी आधी जिमी रफिनचं एक जुनं गाणं ठरलं होतं. ते दुसऱ्या चित्रपटात वापरलं जातंय असं कळल्यावर नायक केव्हिन कॉस्टनरने हे सुचवलं आणि संगीत निर्माता डेव्हिड फॉस्टरपुढे ठेवलं ते रॉनस्टॅडचं ध्वनिमुद्रण. आणि रॉनस्टॅडने शेवटचं कडवं घेतलेलं नव्हतं! फॉस्टर त्याच नमुन्यावर काम करतोय हे डॉलीला कळलं तेव्हा तिने फोनवरून त्याला ते कडवं सांगितलं, कारण त्याशिवाय गाणं पुरं होत नाही असं तिचं मत होतं. आता विचार करा, तो फोन झाला नसता तर ती शांतता, तो ठोका, तो सूर कशावर उभा राहिला असता? लोक म्हणतात व्हिटनीने डॉलीचं गाणं मोठं केलं. खरं आहे. पण ज्या पायावर केलं तो पाया डॉलीने फोनवर घालून दिला होता.

बिनसाथीची सुरुवातही कॉस्टनरचीच कल्पना. रेकॉर्ड कंपनीतल्यांना ती पसंत नव्हती, रेडिओवाले असं गाणं लावणार नाहीत अशी भीती. नोव्हेंबर १९९२ मध्ये ते आलं आणि बिलबोर्डच्या मुख्य यादीत १४ आठवडे पहिलं राहिलं. तोवर इतके आठवडे कोणतंच गाणं राहिलं नव्हतं.

आता कामाचं. व्हिटनीच्या कराओके ट्रॅकवर मुलींना गायला लावू नका. ट्रॅक त्यांना ओढत त्या उंचीवर नेणार. पेटी किंवा कीबोर्ड घ्या आणि एकाच पट्टीत शेवटपर्यंत रहा. डॉलीही पट्टी बदलत नाही. कडव्याचे सूर खालचे आहेत, नववीतल्या मुलींना ते खाली लागणार नाहीत, म्हणून पट्टी एक-दोन सूर चढवून पाहा. सुरेल मुलीने पहिलं कडवं साथीशिवाय म्हणावं, हे व्हिटनीकडून घ्या. ध्रुवपद सगळ्यांनी. आणि तिसरं कडवं डॉलीसारखं करा. तिने मूळ रेकॉर्डमध्ये ते गायलेलं नाही, बोललंय. मागे साथ हलकी चालू, आणि ती नुसती बोलते. एखादी मुलगी गात नसेल पण बोलते छान, तिला ते द्या.

---

एडिसनकर

पेटीवाल्यांचं तिसऱ्या कडव्याबद्दलचं लिखाण वाचून मी गाणं लगेच पुन्हा लावलं. अगदी बरोबर.

बी_साइड यांच्याशी मात्र एका बाबतीत माझं जमत नाही. 'गळ्याला जोर नाही' हा डॉलीचा गुण आहे, मान्य. पण मग व्हिटनीचा जोर हा दोष ठरतो का? मी एवढी वर्षं न्यू जर्सीत राहतेय, व्हिटनी ज्या न्यूअर्कची, ते आमच्या एडिसनपासून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर. तिथल्या न्यू होप बॅप्टिस्ट चर्चमध्ये ती लहानपणी गायली. त्या चर्चच्या गाण्यात एक शब्द घेऊन त्याच्यावर थांबणं, तो वळवणं, वाढवणं, हे देवाशी बोलणं आहे. आपण ख्यालात एका अक्षरावर आलाप घेणाऱ्याला 'दाखवतोय' म्हणत नाही. मग तिच्या एका 'आय'वरच्या लांब वळणाला ते का म्हणायचं? डॉलीचं गाणं कंट्रीतलं आहे, तिथे माणूस समोर बसून बोलतो. व्हिटनीने ते चर्चमध्ये नेलं. गाणं दोन्हीकडे पुरून उरलं, यातच त्याचं मोठेपण.

एल्विसच्या गोष्टीला एक जोड देते, मला ती नेहमी थक्क करते. व्हिटनीची आई सिसी ह्यूस्टन ही 'द स्वीट इन्स्पिरेशन्स' या गटात गायची, आणि १९६९ मध्ये लास व्हेगासला एल्विसच्या मागे साथीला हाच गट उभा होता. म्हणजे जे गाणं एल्विसच्या हातून निसटलं, ते त्याच्या मागे उभं राहून गायलेल्या बाईच्या मुलीने जगभर नेलं.

११ फेब्रुवारी २०१२ ला व्हिटनी गेली. दुसऱ्याच दिवशी ग्रॅमी या संगीत पुरस्कारांचा सोहळा होता. गायिका जेनिफर हडसन काळ्या कपड्यांत आली, जवळजवळ नुसत्या पियानोवर तिने हे गाणं म्हटलं, आणि शेवटी व्हिटनीचं नाव घेतलं. तिच्याकडे दांडगा आवाज आहे, तिने तो आवरून धरला होता. कोणाचीही नक्कल केली नाही. आठवडाभराने, १८ फेब्रुवारीला, न्यू होप चर्चमध्येच अंत्यविधी झाला. कॉस्टनर तिथे बोलला. आणि शेवटी शवपेटी खांद्यावर घेऊन निघाले तेव्हा व्हिटनीच्याच आवाजात हे गाणं लावलं होतं. मी आणि माझी सासू टीव्हीसमोर बसलो होतो. सासूबाई इंग्रजी गाणी ऐकत नाहीत, व्हिटनी कोण हेही त्यांना त्या आठवड्यात कळलं. त्या म्हणाल्या, ही स्वतःच स्वतःला पोचवायला आलीय. त्यानंतर मी हे गाणं कितीतरी जणींच्या तोंडून ऐकलं, इथल्या मंडळाच्या कार्यक्रमातही, पण सासूबाईंचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

त्या महिन्यात गाणं बिलबोर्डच्या यादीत पुन्हा तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. जवळपास वीस वर्षांनी!

पोर्टरसाठी लिहिलं तेव्हा निघणारी व्यक्ती गात होती. हडसनने गायलं तेव्हा मागे राहिलेली गात होती. आणि चर्चमध्ये पुन्हा जाणारीच. बी_साइड म्हणतात तसं गाण्यात पोर्टर नाही म्हणून हे जमतं, आणि मी त्यात भर घालेन की गाणाऱ्याची बाजूही त्यात बांधलेली नाही. तुमच्या मुली मागे राहणाऱ्या आहेत, बाई जाणाऱ्या. तरी चालेल, ताई. बिनधास्त गाऊ द्या.

आणि हो, डॉलीबद्दल एक. व्हिटनीच्या रेकॉर्डमधून तिला जे पैसे मिळाले त्यातून तिने नॅशव्हिलमधल्या एका कृष्णवर्णीय वस्तीत ऑफिसांची इमारत घेतली, व्हिटनीच्या मानाखातर. २०२१ मध्ये तिने हे एका कार्यक्रमात सांगितलं. मूळ गायिका आणि नंतरची गायिका यांच्यात इतकं निर्मळ नातं फार थोड्या गाण्यांच्या वाट्याला येतं. पहिल्यांदा रेडिओवर व्हिटनीचा आवाज ऐकला तेव्हा ती गाडी चालवत होती आणि गाडी बाजूला घ्यावी लागली, असंही ती सांगते. हेवा नाही, कुरकुर नाही. १९९५ मध्ये तिने कंट्री गायक विन्स गिलबरोबर हेच गाणं युगुलगीत म्हणून पुन्हा गायलं, तेही जरूर ऐका. दोघं आलटून पालटून म्हणतात आणि निरोप दोन्हीकडून होतो.

---

अधिवक्ता_नागपूर

गाण्यातलं मला फार कळत नाही, पण ऐकतो मनापासून. एका व्यावहारिक गोष्टीसाठी लिहितोय.

शाळेत विद्यार्थी आणि शिक्षकांनी सादर केलेलं गाणं, आणि प्रेक्षक म्हणजे विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेशी संबंधित मंडळी, एवढ्यापुरतं आपल्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात सूट आहे. त्यामुळे समारंभात गायला हरकत नाही. पण हल्ली सगळे कार्यक्रम चित्रित होऊन शाळेच्या वाहिनीवर चढतात. ती सूट तिथवर पोचत नाही. व्हिडिओ टाकायचा असेल तर तेवढं गाणं वगळा.

विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. बी_साइड यांनी अमेरिकेतली जी तरतूद सांगितली तशी आपल्याकडेही आहे. पूर्वीही मूळ रेकॉर्डनंतर मानधन भरून दुसऱ्याला तेच गाणं काढता यायचं, ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेटींवर जुन्या गाण्यांच्या नव्या आवाजातल्या आवृत्त्या धडाधड आल्या त्या याच वाटेने. २०१२ च्या दुरुस्तीत ३१-सी हे कलम आलं: आता मूळ ध्वनिमुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षं थांबावं लागतं, दर वर्षाला निदान ५०,००० प्रतींचं मानधन आगाऊ भरावं लागतं, आणि तांत्रिक गरजेपलीकडे गाण्यात बदल करता येत नाही. ही शेवटची अट मला खटकते. व्हिटनीने केलं तसं काही आपल्याकडे या कलमाखाली करायला गेलं तर वाद होऊ शकतो. मूळ कर्त्याला पैसा मिळायलाच हवा, त्याबद्दल दुमत नाही. पण गाणं दुसऱ्याच्या गळ्यात गेलं की ते थोडं बदलणारच, आणि तो बदल सोसण्याची जागा कायद्यात हवी असं मला मनापासून वाटतं.

---

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. बी_साइड, तुमचा पहिला परिच्छेद मी आज समितीत वाचून दाखवला. नोकरी सोडताना वरिष्ठासाठी लिहिलेलं गाणं, हे ऐकल्यावर हरकत घेणाऱ्या शिक्षकांनी स्वतःच विचारलं, मग आम्हालाही ऐकवा की. स्टाफरूममध्ये आधी डॉलीचं लावलं, मग व्हिटनीचं. गणिताच्या सरांना डॉलीचं जास्त आवडलं. गाणं ठरलं.

मुलींना मी पोर्टर वॅगनरची गोष्ट सांगितली. त्यानंतर डॉलीचं पुन्हा ऐकवलं तर आता ते 'साधं' वाटत नाही म्हणाल्या. एडिसनकर, तुमचं चर्चचं म्हणणंही सांगितलं. सुरेल मुलगी म्हणाली की ती जागा मला येत नाही, पण मला ती का आहे ते आता कळलं. मला हे फार मोलाचं वाटलं.

तिसरं कडवं बोलायला एक मुलगी मिळाली. ती समूहगानात नेहमी मागच्या रांगेत असते, तोंड नुसतं हलवते. बोलते मात्र अशी की वर्ग थांबतो. तिने वाचून दाखवलं तेव्हाच तिची निवड झाली.

व्हिडिओ टाकणार नाही, हेही शाळेला कळवलंय.

पेटीवाले काका, आता एकच विचारायचंय. मी पट्टी पांढरी एक घेऊन पाहिली, मुलींना आरामात लागते. पण साथीशिवायच्या पहिल्या कडव्यात ती मुलगी हळूहळू उतरते आणि पेटी सुरू झाली की पाव सूर खाली सापडते. काय करू? तंबोरा लावून ठेवला तर चालेल का, की त्याने गाण्याचा बाज बिघडेल?

---

पेटीवाला

पांढरी एक उत्तम.

तंबोरा नको. त्या कडव्याखालचा कॉर्ड, म्हणजे साथीला एकत्र वाजणारे सूर, बदलत जातो. तो वाजत नसला तरी ऐकणाऱ्याच्या कानात असतो, आणि तंबोऱ्याचा षड्ज मधेच त्याच्याशी भांडेल. त्याऐवजी असं करा. सरावात तिला पूर्ण कडवं पेटीबरोबर गाऊ द्या. मग पेटी फक्त ओळीच्या पहिल्या सुरावर वाजवा, बाकी ओळ तिची तिने. मग एक ओळ सोडून. मग फक्त सुरुवातीचा सूर. ती सहसा ओळीच्या शेवटी श्वास संपताना उतरत असेल, तेव्हा श्वास कुठे घ्यायचा ते पेन्सिलीने कागदावर खूण करून द्या, आणि ओळ लांबवायची नाही असं बजावा. व्हिटनी लांबवते, हिने नको.

समारंभात पेटीवर तिच्या सुरुवातीच्या सुराबरोबर पंचमही द्या, नुसता षड्ज देऊ नका. आणि ध्रुवपदाला पेटी एकदम भरून घेऊ नका, आधी एका बोटाने तिचाच सूर धरा, तोही हळू. पाव सूर खाली असली तरी ती दोन अक्षरांत वर येईल, लोकांना कळणार नाही. मुलींना सांगा की ध्रुवपदात शिरताना तिच्याकडे बघायचं, तुमच्याकडे नाही.